सनरूफच्या 'ड्रेन मोटर'चे ५,४०० रुपये

एकूण ३३,९०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो. घरी तो तीन हप्त्यांत सांगितला आणि तिन्ही वेळा वेगळा ऐकून घेतला.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. डिप्लोमा मेकॅनिकल. दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट रिजेक्ट करायचा पगार घेतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण ज्याला गाडीतलं काही कळत नाही तोच फसतो, असं मलाही वाटायचं.

गाडी चार वर्षांची, छताला सनरूफ (उघडणारी काच) असलेली, वॉरंटी संपलेली. पार्किंग चिंचेखाली. जुलैत पाऊस लागून राहिला होता. एका सकाळी वळणावर ब्रेक दाबला आणि पुढच्या केबिन लाइटमधून धार थेट मांडीवर. पायाखालचं कार्पेट दाबलं की पाणी वर यायचं. आत ओल्या पोत्याचा वास. आईला फिजिओथेरपीला न्यायचं असतं, मुलीची शाळा असते, गाडी आठवडाभर उभी ठेवणं शक्य नव्हतं. घाई होती हे कबूल.

गॅरेजवाला ओळखीतल्याच्या ओळखीतला. त्यानं छताच्या लायनिंगला बोट लावलं, चेहरा पाडला. "साहेब, सनरूफची असेंब्लीच गेली. कंपनीत ६२,००० सांगतील." पुढचं तुम्हाला पाठच असेल. आधी डोळे पांढरे होतील असा आकडा, मग "तुम्ही आपली माणसं, बसवू कायतरी." बसवलं ते असं: नवीन रबर सील १४,५००, वॉटरप्रूफ ट्रीटमेंट ४,२००, लायनिंग उतरवून सुकवणं ६,८००, मजुरी ३,०००. झाले २८,५००. त्यातले १०,००० यूपीआयने, तेही त्याच्या मेव्हण्याच्या नावावर. उरलेले १८,५०० रोख, कारण "पक्कं बिल पाहिजे तर वर १८ टक्के जीएसटी". मी जीएसटी वाचवला. हुशार माणूस!

गाडी न्यायला गेलो तेव्हा जुनं रबर मागितलं. "स्क्रॅपमध्ये गेलं की साहेब." घरी येऊन वर पाहिलं तर उजव्या कोपऱ्यात कावळ्यानं टोचून काढलेला तूरडाळीएवढा टवका जागच्या जागी. माझं जुनंच रबर, वरून पॉलिश मारलेलं. आणि मी काय म्हणालो स्वतःला? की नवीन रबरालाही कावळ्यानं टोचलं असेल. एका दिवसात, गॅरेजच्या शेडखाली. ट्रीटमेंट म्हणजे काचेच्या कडेनं फासलेलं सिलिकॉन. सनरूफ उघडेना, तर म्हणे पावसाळ्यात उघडायचंच कशाला.

नऊ दिवसांनी पुन्हा धार, आधीपेक्षा जास्त. पुन्हा गेलो. तो म्हणाला, "साहेब, ड्रेन मोटर गेलीय. ५,४००."

इथं मी थांबायला हवं होतं. रोज रात्री हाच क्षण आठवतो. छतावरचं पाणी खाली यायला मोटर कशाला लागेल? सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही, तशी अपेक्षाच नसते. कडेनं झिरपलेलं पाणी काचेखालच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली उतरतं. पुढच्या नळ्या समोरच्या काचेलगतच्या खांबांतून, मागच्या मागच्या खांबांतून, आणि पाणी गाडीखाली. ना मोटर, ना वायर. हे मला कळायला हवं होतं, आमच्या घराच्या पत्र्यालाही हेच आहे. पण तो "सेन्सर", "मॉड्यूल" असं काहीबाही बोलत होता आणि "म्हणजे काय?" विचारायची मला लाज वाटली. डिप्लोमावाल्यानं कसं विचारायचं! ५,४०० रोख मोजले. दुसऱ्या दिवशी आतून काचा घामेजल्या, चौथ्या दिवशी पुन्हा मांडीवर पाणी.

शेवटी गाड्यांच्या एसीची कामं करणाऱ्या एका काकांनी सिलिकॉन खरवडून पन्हळ दाखवली. चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा, चिंचेच्या पानांचा. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी नळीत हळूहळू सरकवून त्यांनी तीन नळ्या मोकळ्या केल्या. चौथी तुंबलेली नव्हतीच, वरच्या तोंडावरून निसटलेली होती. आधीच्या शहाण्यानं कॉम्प्रेसरची हवा फुल प्रेशरनं मारली असणार. म्हणजे २८,५०० देऊन मी पाण्याला लायनिंगमध्ये नवी वाट करून घेतली होती. खांबाचं कव्हर काढून नळी बसवली, अडीच तास, १,८०० रुपये, बिलासकट. मोटर कुठंय विचारलं तर काका नुसते माझ्याकडे बघत राहिले.

पेला-अर्धा पेला पाणी पन्हळीच्या कोपऱ्यात ओता आणि खाली वाकून बघा. चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीपाशी ठिबकलं तर नळी मोकळी आहे. फुकट आहे हे, गॅरेजला जायच्या आधी करा. तार घालू नका, नळी फाटते.

आता पोलीस. चौकीत पाऊण तास बसवलं. मग हवालदारसाहेब म्हणाले, "काम केलंय ना त्यानं? मग फसवणूक कसली? हे दिवाणी." मी म्हटलं, बदललं नाही ते बदललं म्हणून पैसे घेतले, जुनं चारशेवीस आता न्याय संहितेत ३१८ आहे. त्यावर "मग तुम्हीच वकील व्हा". अर्ज ठेवून घेतला, पोच मात्र दिली नाही. दुसऱ्यांदा गेलो तर अर्ज सापडेना. तिसऱ्यांदा "साहेब बंदोबस्तावर". पोच घेतल्याशिवाय चौकीतून उठू नका, मी उठलो. विमा कंपनीचा माणूस दोन फोटो काढून गेला आणि नळ्या तुंबणं हा देखभालीचा विषय म्हणून क्लेम फेटाळला. एवढं एकच पत्र मला वेळेवर आलं.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. तिथं जाणार आहे. पण ओळखीच्या वकिलानं पहिला प्रश्न विचारला, बिल? माझ्याकडे १०,००० चा यूपीआयचा स्क्रीनशॉट आहे, तोही मेव्हण्याच्या नावाचा. बाकी २३,९०० मी हवेत दिले. गॅरेजच्या खात्याऐवजी दुसऱ्याच कुणाचा क्यूआर पुढे आला तर फोन खिशात ठेवा. जुना पार्ट काम सुरू व्हायच्या आधी मागून ठेवा, नंतर तो स्क्रॅपमध्येच गेलेला असतो. आणि टवक्याचा फोटो आधी काढा. माझ्याकडे आहे तो नंतरचा.

गॅरेजवाल्यानं माझा नंबर ब्लॉक केलाय. बायकोच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसतं. परवा एका पांढऱ्या गाडीचं लायनिंग उतरवलेला फोटो होता, तिच्याही टपावर ओली पानं चिकटलेली.