सुटी शेंगा चटणी: बटाट्याच्या सुक्या भाजीसाठी कशी आहे?

सोलापुरात सुटी मिळणारी शेंगा चटणी भाकरीइतकीच बटाट्यालाही शोभते. पाकिटापेक्षा सुटीच बरी, चाखून घेता येते. उखळात कुटलेली, दाबली की तेल सुटणारी निवडा. मिक्सरमधली कोरडी भुकटी फोडींना पिठासारखी चिकटते. अर्धा किलो बटाटे उकडून पूर्ण गार करा, गरम चिरले तर लगदा होतो. तीन चमचे तेलात मोहरी, जिरे, कढीपत्ता, हळद घालून फोडी तांबूस होईपर्यंत परता. तीन चमचे चटणी गॅस बंद केल्यावरच घाला, नाहीतर त्यातला लसूण आणि तिखट करपून भाजी कडवट होते. मीठ निम्मंच, चटणीत असतंच. खवट वास असेल तर घेऊच नका. कितीही खमंग फोडणी दिली तरी तो जात नाही.