सात हजारांचा फ्यूज: पावसाळाभर वापरून

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधला मेन्सचा, म्हणजे घरातल्या विजेच्या लाइनवरचा फ्यूज काढून त्या जागी चांदीच्या तारेचा, आवाज सुधारतो म्हणून दर्दी श्रोत्यांना खास 'ऑडिओफाइल' या नावाने विकला जाणारा फ्यूज बसवला. आकार तोच, ५ बाय २० मिलिमीटर. पावसाळाभर ऐकलं. आवाजात काडीचाही फरक नाही.

भाच्याला कामाला लावलं होतं. मी बाहेर असताना तो प्लग काढून फ्यूज बदलायचा किंवा तोच ठेवायचा, आणि काय केलं ते सांगायचा नाही. ऐकायला तंबोरा निवडला. जवारीत, म्हणजे तारांच्या त्या झंकारात, कणभर बदल झाला तरी कानाला लगेच कळतो. माझे अंदाज कधी बरोबर, कधी चूक, नुसता मटका.

आणि फरक पडावा तरी कसा? या फ्यूजमधून गाणं जातच नाही. जातो तो मेन्सचा करंट. तो ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणारा भाग) कपॅसिटरमध्ये साठतो आणि स्पीकरला त्या साठ्यातून मिळतं. दोन अँपिअरचा फ्यूज पूर्ण भाराला फार तर एखादा दशांश व्होल्ट खातो. आमच्याकडे संध्याकाळी लाइनच २३० वरून २१५ वर येते! फ्यूजवर दिशेचा बाणही छापला होता. ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला १०० वेळा उलटतो, मग बाण कुठल्या बाजूला लावायचा?

काही जुन्या सेटमध्ये मात्र फ्यूज थेट स्पीकरच्या लाइनमध्ये असतो. तिथे गोष्ट वेगळी. जोरदार बासला तार तापते, तिचा रेझिस्टन्स बदलत राहतो आणि आवाज खरोखर बिघडू शकतो.

मला खरा फायदा झाला तो होल्डरचा. समुद्राजवळच्या दमट हवेने त्याच्या क्लिपा काळवंडल्या होत्या. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून जरा आवळल्या, तर अधूनमधून येणारी चरचर थांबली. मला वाटतं, नवा फ्यूज घातल्यावर 'आवाज खुलला' म्हणणाऱ्या काहींच्या बाबतीत हेच होत असावं: काढता-घालताना गंज खरवडला जातो आणि श्रेय फ्यूजला मिळतं.

माझ्या महागड्या फ्यूजवर सेफ्टी सर्टिफिकेशनचा शिक्काही नव्हता, म्हणून तो काढून टाकला. आता नामांकित कंपनीचा साधा, स्लो-ब्लो (क्षणभराचा झटका सोसून जरा उशिरा उडणारा) फ्यूज आहे, मागच्या पट्टीवर लिहिलेल्याच रेटिंगचा. 'एक पायरी वरचा घाला, आवाज मोकळा होतो' असा सल्ला काही विक्रेते देतात. कृपा करून ऐकू नका. बिघाड झाला तर फ्यूज उडण्याआधी ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.