यूव्हर्जन बायबल ॲप: कार्डावर थांबू नका, अध्याय उघडा

धडगावकडे नर्सची नोकरी करणाऱ्या माझ्यासारखीला हे ॲप फार उपयोगी आहे, हे आधीच सांगते. फुकट आहे, मध्ये जाहिराती येत नाहीत. अमेरिकेतल्या लाइफ चर्चने 2008 मध्ये ते सुरू केलं. मराठीची एकाहून जास्त भाषांतरं आहेत. त्यातलं एक मी फोनमध्ये उतरवून घेतलंय, कारण सातपुड्याचा घाट चढला की रेंज गेलीच समजा. शिवाय रविवारी पाळकसाहेब मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाचतात ते बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्रही (मराठी बायबल) यात मिळतं, त्यामुळे कानावर बसलेले शब्द तेच राहतात.

आता मुद्द्याचं. रोज सकाळी ॲप ‘आजचं वचन’ दाखवतं. सूर्योदयाचा फोटो, त्यावर बायबलातल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातलं 23 वं वचन (4:23), सगळ्यात जास्त आपलं अंतःकरण राख, कारण जीवनाचे झरे तिथूनच निघतात. आमच्या महिला संघाच्या ग्रुपवर हे कार्ड लगेच फिरतं, सगळ्या ‘आमेन’ लिहितात आणि चुलीकडे वळतात. पण अंतःकरण राखायचं म्हणजे नेमकं करायचं काय, ते कार्डावर नसतं. वचनावर बोट ठेवून पूर्ण अध्याय उघडा, सगळं तिथेच आहे. 20 आणि 21 व्या ओवीत (वचनालाच आम्ही ओवी म्हणतो) बाप मुलाला म्हणतो, कान दे, माझे शब्द आत जपून ठेव. मग 23. आणि लगेच पुढे 24 मध्ये तोंड, 25 मध्ये डोळे, 26 आणि 27 मध्ये पाय: वाकडं बोलू नको, नजर समोर ठेव, पावलांची वाट नीट बघ, उजवीडावीकडे वळू नको. म्हणजे पहारा एकट्या मनावर नाही, कानापासून पायापर्यंत आहे. उपकेंद्रात कुणाच्या सुनेविषयी कुजबुज सुरू झाली की मला 24 वी ओवी आठवते, आणि मी लसीकरणाचं रजिस्टर उघडून बसते. रात्री रील बघत पडायची वेळ आली की 25 वी.

ओव्यांना रंग देण्याची सोय मला सगळ्यात आवडते. देवाच्या अभिवचनांना मी पिवळा रंग देते आणि मला टोचणाऱ्या ओव्यांना गुलाबी. ओवीखाली टीप लिहिता येते आणि ती फक्त आपल्यापुरती ठेवता येते. टोचणारी गोष्ट तिथे खरी लिहा. मागची पानं चाळताना प्रार्थना कशासाठी करायची ते आपोआप कळतं.

नावडती गोष्ट म्हणजे ‘स्ट्रीक’, सलग किती दिवस ॲप उघडलं त्याचा आकडा. ॲप नुसतं उघडलं तरी तो दिवस जमेत धरतात. आकडा वाढतो म्हणून मुली एकमेकींना स्क्रीनशॉट पाठवतात, आदल्या दिवशी काय वाचलं विचारलं तर गप्प. आकड्याकडे लक्षच देऊ नका. वाचनयोजना मराठीत इंग्रजीपेक्षा बऱ्याच कमी आहेत आणि काहींचं मराठी घशात अडकतं. मागे पडलात तर तारखा पुढे ढकलायची सोय मात्र चांगली आहे, रात्रपाळीवाल्यांना ती लागतेच.

मोठ्या अक्षरांची सोय आहे, तरी सासूबाईंसाठी छापील पवित्र शास्त्रच ठेवा. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला मीही तेच घेते, कारण फोन हातात असला की मध्येच मेसेज येतो. नोटिफिकेशनपैकी फक्त वाचनाची आठवण चालू ठेवा, तीही पहाटे पाणी भरून झाल्यावरच्या वेळेची.