सज्जनांची टोळी की बदमाशांची?

'बाल्डर्स गेट' हा टोळी जमवून खेळायचा कॉम्प्युटर गेम पहिल्यांदाच खेळायला घेताय आणि सोबत कोणाला घ्यावं या पेचात असाल, तर आधी तुमच्याकडे कुठला भाग आहे ते बघा. १९९८ चा मूळ गेम (किंवा २०१२ ची त्याची 'एन्हान्स्ड एडिशन', जी टॅबवरही चालते) आणि २०२३ चा तिसरा भाग, दोन्हींत दुष्ट सोबती मिळतात. पण त्यांना पोसण्याचा खर्च वेगवेगळ्या तऱ्हेने वसूल होतो. जुन्यात तो रोज थोडाथोडा कापला जातो. नव्यात एकदाच, पण एकरकमी.

अलाइनमेंटचं, म्हणजे पात्राच्या वृत्तीच्या शिक्क्याचं, प्रकरण थोडक्यात उरकतो. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावर बसून खेळायचा गेम आला ('बाल्डर्स गेट' त्याच्याच नियमांवर बेतलाय), तेव्हा लॉ (शिस्तीचा), न्यूट्रल (मधला) आणि केऑस (बेबंद) असे तीनच कप्पे होते. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'पर्यंत त्यांना गुड-ईव्हिलची आडवी फोड मिळून नऊ झाले. जुना 'बाल्डर्स गेट' याच नऊ कप्प्यांवर चालतो. तिसऱ्या भागात सोबत्याच्या नावापुढे असला शिक्का नसतो. तुमचं वागणं त्याला पटलं की नाही, एवढंच मोजलं जातं.

जुन्या गेमपासून सुरू करू, कारण खरी गंमत तिथे आहे. पार्टी सहा जणांची, त्यात एक तुम्ही. गेम सुरू होतो त्या कॅन्डलकीपमधून बाहेर पडल्यावर इमोएन येऊन मिळते, ती न्यूट्रल गुड. थोडं पुढे गेलात की रस्त्यावर दोघे उभे असतात: झार हा डोकं फिरलेला जादूगार, केऑटिक ईव्हिल, आणि मॉन्टारॉन हा कुरकुरा चोर-लढवय्या, न्यूट्रल ईव्हिल. दोघांना नॅशकेल गावाला जायचंय. पहिल्या पातळीवरचा तुमचा हिरो एखाद-दोन फटक्यांत आडवा होतो, त्यामुळे फुकट मिळालेली दोन माणसं सोडवत नाहीत. घ्या की! पण पुढे फ्रेंडली आर्म इनमध्ये खालिद आणि जाहेरा हे जोडपं वाट बघत असतं, खालिद न्यूट्रल गुड, जाहेरा ट्रू न्यूट्रल. या दोन जोड्या एकत्र ठेवल्यात की आधी टोमणे आणि मग तलवारी. शिवाय जोडी म्हणजे जोडीच, एकाला काढलंत की दुसराही चालायला लागतो. म्हणजे तुम्ही माणसं निवडत नसता, घरं निवडत असता.

याच्या वर बसलंय रेप्युटेशन, म्हणजे तुमची पत, १ ते २०. चांगली कामं केली, देवळात दान दिलं की चढतं. निरपराध माणूस मारला की धाडकन उतरतं. चढलं की दुकानदार स्वस्त देतात, सज्जन सोबती खूश होतात आणि दुष्ट मंडळी कुरकुरायला लागतात. अगदी वर पोचलं की ती चक्क पार्टी सोडून जातात. खाली गेलं की उलट. डिचोलीचा माझा मावसभाऊ मिश्र टोळी घेऊन खेळतो आणि रेप्युटेशन दहा-बाराच्या आसपास अडकवून ठेवतो. त्यासाठी त्याला काय काय करावं लागतं ते बघण्यासारखं असतं. गावकऱ्याचं काम करून दिलं, कौतुक झालं, आकडा चढला, की याच्या कपाळाला आठ्या. "दादा, आता कोणाला तरी त्रास द्यायला हवा," हे वाक्य मी त्याच्या तोंडून पुष्कळदा ऐकलंय.

मग माणूस दुष्टांच्या वाटेला जातोच कशाला? कारण ते कामाचे आहेत. बेरेगॉस्टमधला केगेन हा बुटका, लॉफुल ईव्हिल, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) २०. जखमा हळूहळू आपोआप भरतात, पुढे उभं करायला त्याच्यासारखा दुसरा नाही. एडविन या जादूगाराच्या गळ्यातल्या ताईतामुळे त्याला इतर जादूगारांपेक्षा जास्त मंत्र मिळतात. व्हिकोनिया ही ड्रो, म्हणजे बदनाम डार्क एल्फ जमातीतली, पुजारीण जादूला सहसा बधत नाही, पण तिला घेतलंत की रेप्युटेशन तिथल्या तिथे दोनने घसरतं. एक शिपाई तिच्या मागे लागलेला असतो, ती तुमच्याकडे मदत मागते आणि तुम्हाला उभ्या उभ्या ठरवावं लागतं. तिने नेमकं काय केलंय हे कोणी धड सांगत नाही. या गेममधला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग हाच.

आणि बोलणं! दशावतारात संकासुर आला की पेडण्याच्या गावांतली पोरं जशी पुढे सरकतात, तसं एडविन तोंड उघडतो तेव्हा होतं. तुम्हाला 'हो' म्हणतो आणि तुमच्याविषयीचं खरं मत स्वतःशीच पुटपुटतो, तेही तुम्हाला ऐकू येईल अशा बेताने. त्याच्यासमोर पॅलेडिन (धर्मयोद्धा) अजान्टिस अळणी वाटतो. भला माणूस, पण संध्याकाळभर सोबत काढायची तर जड.

नॅशकेलला मात्र निवड टळत नाही. मिन्स्क हा लढवय्या म्हणतो, माझी सोबतीण डायनाहेर नॉल नावाच्या राक्षसांच्या किल्ल्यात अडकलीय, सोडवा. एडविन म्हणतो, त्याच डायनाहेरला ठार करा. मिन्स्कला हो म्हणून फार दिवस टंगळमंगळ केलीत तर तो तुमच्यावरच उलटतो. पहिल्या खेळात मिन्स्कची बाजू घ्या, असं मी सांगेन. एडविनचे जास्तीचे मंत्र सोडताना जीव तुटतो हे कबूल. पण नवख्या खेळाडूचा हात आपसूक मदतीकडे जातो, आकडा चढत राहतो आणि एडविन कधी निघून जाईल या धास्तीत राहावं लागतं.

एकच दुष्ट ठेवायचा झाला तर लॉफुल ठेवा. माझ्या मते गुड-ईव्हिलपेक्षा लॉ-केऑसची बाजू सोबतीला जास्त लागू पडते. केगेनला पैशाशी मतलब, तो कळतो. झारचं काय करणार? 'पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइटियस' (२०२१) या गेममधला रेगिलही याच जातीचा, लॉफुल ईव्हिल. आपल्याच जखमी सैनिकांना संपवणारा हा बुटबैंगण बघून पोटात गोळा येतो, पण तो उद्या काय करेल हे तुम्हाला आजच माहीत असतं.

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (२००९) या गेमबद्दल फार लिहीत नाही. तिथे रुसलेल्या सोबत्याला आवडीची भेटवस्तू दिली की बराचसा राग निवतो. फक्त पवित्र अस्थिकलश विटाळायचा विचार असेल तर विन या सोबतिणीला छावणीतच ठेवा, नाहीतर ती तिथेच शस्त्र उपसते.

आता तिसरा भाग. पार्टी चौघांची, बाकीचे तळावर थांबतात. इथे अस्तारियनसारखा माणूस तुम्ही कोणाला फुकट मदत केलीत की नाक मुरडतो, पण तेवढ्याने घर सोडत नाही. मधूनमधून त्याच्या मनासारखं केलंत की खातं भरून निघतं. त्यामुळे इथे मिश्र टोळी सांभाळायला मावसभावासारखी कसरत लागत नाही, आणि पहिल्या खेळात मी तीच घ्या म्हणेन: एक शॅडोहार्ट, एक कार्लाक, एक अस्तारियन. तिघांची मतं जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक निर्णयावर काहीतरी ऐकायला मिळतं.

एकरकमी वसुली होते ती एमराल्ड ग्रोव्ह या आसऱ्याच्या ठिकाणी. गॉब्लिनांच्या बाजूने उभं राहून तिथल्या टीफलिंग (शिंगवाल्या जमातीच्या) निर्वासितांची कत्तल केलीत, तर गॉब्लिनांची म्होरकी मिन्थारा तुमची होते आणि विल व कार्लाक हे सोबती निघून जातात. त्यांच्या पुढच्या सगळ्या कथाही त्यांच्याबरोबर जातात, शिवाय निर्वासितांमुळे पुढे मिळणारी कामंही. एका सोबतिणीसाठी हा सौदा महाग आहे. दुसऱ्या-तिसऱ्या खेळात, सगळं एकदा बघून झाल्यावर, खुशाल करा.

आणि मिन्थारा पहिल्याच खेळात हवी असेल तर नंतरच्या अपडेटांनी वाट करून दिलीय. गॉब्लिनांच्या तळावर तिच्याशी लढताना नॉन-लीथलचा (जीव न घेण्याचा) पर्याय चालू ठेवा आणि शेवटचा घाव जवळच्या हत्याराने घाला, बाणाने किंवा मंत्राने नको. ती नुसती बेशुद्ध पडते आणि दुसऱ्या अंकात मूनराइज टॉवर्समध्ये पुन्हा भेटते. विल आणि कार्लाक तोवर तळावरच असतात.