मराठवाड्याच्या उन्हात कार बॅटरी चार्जर : सीटेक एमएक्सएस ५.० चे परीक्षण

आपल्याकडे परभणी, हिंगोली, बीड अशा गावांत अनेक घरांची चारचाकी आठवडेच्या आठवडे अंगणात उभी असते आणि लग्नसराई, तुळजापूर-माहूरचे दर्शन किंवा नांदेड-संभाजीनगरचा दवाखाना एवढ्याच निमित्ताने बाहेर निघते. उभ्या गाडीतही सेंट्रल लॉक, घड्याळ आणि इंजिनाचा संगणकीय नियंत्रक थोडी थोडी वीज घेतच असतात. हा प्रवाह केवळ ३० मिलिॲम्पिअर धरला, तरी दिवसाला सुमारे ०.७ ॲम्पिअर-तास आणि महिन्याला २१-२२ ॲम्पिअर-तास एवढी वीज खर्ची पडते. लहान पेट्रोल गाड्यांत साधारण ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे महिनाभरात तिची निम्म्याहून अधिक क्षमता जाते. अशी उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर साचलेल्या लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. घरी चार्जर ठेवण्याचे खरे कारण हे आहे. ऐन वेळी गाडीला धक्का मारण्याची वेळ टळते, हा वरचा लाभ.

सीटेक या स्वीडिश कंपनीचा एमएक्सएस ५.० हा चार्जर मी विकत घेऊन वापरत आहे. त्याचे मोल समजण्यासाठी आधी त्याचा पर्याय पाहावा लागतो. बाजारात मिळणारा स्थानिक बनावटीचा चार्जर म्हणजे बहुधा लोखंडी पेटीत बसवलेला ट्रान्सफॉर्मर, एसी विजेची डीसी करणारा रेक्टिफायर आणि एक काट्याचा मीटर. तो स्वस्त असतो, दणकट असतो आणि बिघडला तर कोणताही वाइंडिंगवाला दुरुस्त करून देतो. परंतु त्यात व्होल्टेजवर नियंत्रण नसेल, तर बॅटरी भरल्यानंतरही तो प्रवाह देतच राहतो आणि व्होल्टेज १६ च्याही वर चढू शकते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे १४.४ व्होल्टच्या पुढे पाण्याचे विघटन वेगाने होऊ लागते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन वायू बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी स्फोटाला पुरेशी असते. बॅटरीच्या काही दुकानांत पत्र्याच्या बंद खोलीत एका ओळीत बॅटऱ्या चार्जिंगला लावून शेजारीच बिडी ओढत बसलेली माणसे दिसतात. त्यांना आजवर काही झाले नाही, हा त्या पद्धतीच्या सुरक्षिततेचा पुरावा मानता येणार नाही.

एमएक्सएस ५.० हे काम आठ टप्प्यांत करतो. आरंभी तो सल्फेट सैल करण्यासाठी विजेचे स्पंद देतो आणि बॅटरी प्रवाह स्वीकारते का, हे पाहतो. त्यानंतर जास्तीत जास्त ५ ॲम्पिअरचा स्थिर प्रवाह देऊन बॅटरी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत भरतो. पुढे व्होल्टेज १४.४ वर रोखून तो प्रवाह हळूहळू उतरवत नेतो. दूध वर येऊ लागताच जाळ कमी करावा, तसाच हा प्रकार आहे. मग तो थोडा वेळ थांबून बॅटरी विजेचा साठा टिकवते का, याची परीक्षा करतो आणि शेवटी १३.६ व्होल्टवर तिला जपत राहतो. १४.४ व्होल्ट म्हणजे गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र) एरवी देतो तेवढेच व्होल्टेज. त्यामुळे बॅटरी गाडीतून न सोडवता चार्ज केली, तरी आतील इलेक्ट्रॉनिक भागांना धोका पोहोचत नाही. अनियंत्रित चार्जर वापरायचाच असेल, तर मात्र बॅटरी गाडीपासून अलग केलीच पाहिजे. तशी ती सोडवताना पहिल्यांदा ऋण बाजूचा नट सैल करावा. धन बाजू आधी सोडवू गेल्यास पाना बॉडीला टेकून शॉर्ट होण्याची भीती असते.

या चार्जरवर साधा, दुचाकीसाठी ०.८ ॲम्पिअरचा, १४.७ व्होल्टचा आणि ‘रीकंड’ असे चार पर्याय आहेत. त्यांपैकी १४.७ व्होल्टचा पर्याय एजीएम प्रकारच्या (काचतंतूंच्या थरात ॲसिड शोषून ठेवलेल्या) बॅटरीसाठी आणि कडाक्याच्या थंडीसाठी आहे; माझ्याकडच्या नगावर त्यासाठी हिमकणाचे चिन्ह छापलेले आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना ते चिन्ह पाहून हसू येते, पण मुद्दा हसण्यावारी नेण्याचा नाही. बॅटरीचे तापमान २५ अंशांच्या वर जाऊ लागले की प्रत्येक अंशामागे चार्जिंगचे व्होल्टेज साधारण २० मिलिव्होल्टने कमी करावे लागते. या हिशेबाने ४२ अंशांना १४.४ ऐवजी १४.०६ व्होल्टच पुरेसे होतात. म्हणजे उन्हाळ्यात साधा पर्यायसुद्धा काठावरचा असतो, आणि साध्या बॅटरीला १४.७ व्होल्ट देणे म्हणजे तिचे पाणी आटवणे होय. तापमान ओळखून व्होल्टेज आपोआप जुळवणारा चार्जर मिळाला, तर तोच घ्यावा. एरवी उन्हाळ्यात दुपारचे चार्जिंग टाळून सूर्य मावळल्यानंतर, बोनेट निवाल्यावर ते सुरू करावे. ‘रीकंड’ पर्याय तर १५.८ व्होल्टपर्यंत जातो. तो फार खोल उतरलेल्या, पाणी घालता येणाऱ्या बॅटरीसाठी राखावा, आणि तोही बॅटरी गाडीबाहेर काढून, मोकळ्या हवेत व डोळ्यांसमोर. या चार्जरची एक सवय येथे लक्षात घ्यावी लागते: मागच्या वेळी निवडलेला पर्याय तो पुढच्या वेळीही तसाच धरून ठेवतो. म्हणून दरवेळी कोणता दिवा लागला आहे, हे पाहिल्याशिवाय तेथून हलू नये.

चिमटे लावण्याचा क्रम पुस्तिकेत दिलेला आहे, परंतु त्यामागचे कारण समजले तरच तो पाळला जातो. वायू बॅटरीच्या झाकणाजवळ साचतो आणि ठिणगी उडते ती शेवटचा जोड लावताना किंवा पहिला जोड काढताना. म्हणून भिंतीवरचे बटण बंद असताना लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावावा आणि काळा चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला न लावता बॅटरीपासून व इंधनाच्या नळीपासून दूर, रंग नसलेल्या एखाद्या जाड लोखंडी भागाला लावावा. त्यानंतरच बटण चालू करावे. काढताना आधी बटण बंद, मग काळा आणि शेवटी लाल. स्टार्ट-स्टॉप सोय असलेल्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या) अनेक नव्या गाड्यांत ऋण टोकावर विजेची मोजदाद करणारा सेन्सर असतो. काळा चिमटा बॉडीला लावल्यास चार्ज केलेली वीज त्याच्या हिशेबात येते, हा आणखी एक लाभ. चिमटे उलटे लागले तर हा चार्जर प्रवाह न सोडता दोषाचा दिवा लावतो. माझ्या मते याच एका गुणासाठी त्याची जादा किंमत मान्य करायला हरकत नाही, कारण संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात, काजळलेल्या टोकांवर धन-ऋणाची खूण नेहमीच स्पष्ट दिसते असे नाही. हातातील अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ मात्र काढूनच ठेवावे. पाना आणि बॅटरी यांच्यामध्ये अडकलेल्या अंगठीला कोणताही चार्जर वाचवू शकत नाही.

आपल्या भागातील विजेचा विचार केल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. हा चार्जर २२० ते २४० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी बनवलेला आहे, आणि शेतातील मोटारी एकदम सुरू झाल्या की गावाकडच्या वस्तीवर एवढा दाब मिळेलच असे नाही. घराच्या फलकावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी पडत असावे, ही चार्जरच्या आधीची गरज आहे. अंगणापर्यंत वायर ओढायची झाल्यास ती अखंड असावी. उघडी टोके थेट सॉकेटात खोचून वर काडेपेटीची काडी दाबण्याची प्रथा येथे जिवावर बेतू शकते. दाराखालून किंवा बोनेटच्या कडेखालून वायर चेपली जाणार नाही आणि लहान मुले तिच्यात अडखळणार नाहीत, एवढे पाहावे. बोनेट उघडेच ठेवावे. हायड्रोजन हलका असल्याने वर निघून जातो.

काही अपेक्षा या चार्जरकडून ठेवू नयेत. स्टार्टरला शंभराहून अधिक ॲम्पिअर लागतात, त्यामुळे ५ ॲम्पिअरच्या चार्जरने गाडी लगेच सुरू होणार नाही. काही तास धीर धरावाच लागतो. ट्रॅक्टरची ८८ ॲम्पिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरली असेल, तर ती भरायला दहा तासांहून अधिक वेळ जातो, पण ती भरते. चार्जरची मर्यादा ११० ॲम्पिअर-तासांची आहे. घरातील इन्व्हर्टरची १५० ॲम्पिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी त्याला जोडण्याचा मोह अनेकांना होईल, पण रिकामी झालेली तेवढी मोठी बॅटरी भरणे हे त्याचे काम नव्हे. या नगावर व्होल्टेजचा आकडा दिसत नाही, केवळ दिवे लागतात. ही उणीव मला खटकते. म्हणून सोबत एक साधा मल्टिमीटर घ्यावा. चार्जिंगनंतर काही तास विसावलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली गेल्यास जवळजवळ रिकामी. रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडला, तर सहांपैकी एक सेल निकामी झालेला असतो. तेव्हा चार्जरला दोष न देता बॅटरी बदलावी.

झाकणे उघडता येणारी बॅटरी असेल, तर चार्जिंगपूर्वी प्लेटा पाण्याखाली आहेत का, एवढेच पाहावे. उघड्या पडल्या असल्यास त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि खुणेपर्यंतची भर चार्जिंगनंतर घालावी, कारण चार्ज होताना पातळी वर येते. बोअरचे क्षारयुक्त पाणी चुकूनही घालू नये. टोकांवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. फुगलेल्या, तडा गेलेल्या किंवा हात लावताच चटका देणाऱ्या बॅटरीला चार्जर लावूच नये. ॲसिड डोळ्यांत उडालेच, तर किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून लगेच दवाखाना गाठावा. यासाठी चार्जिंग सुरू करण्याआधीच पाण्याने भरलेली कळशी हाताशी ठेवावी, कारण नळाला पाणी त्याच वेळी येईल याची खात्री आपल्याकडे कोणालाच देता येत नाही.