बेडला लावायचा क्रिब का झोळी?

आमच्याकडं सांगलीत बाळ घरी आलं की पहिल्यांदा आजीच्या जुन्या सुती साडीची झोळी बांधतात, आणि खरंच रडणारं बाळ चार झोक्यात गप होतंय, खर्च काही नाही, त्यामुळं दिवसा कुणी शेजारी बसलेलं असताना शांत करायला ठीक, पण डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवा. रात्रीला मी तरी क्रिबच म्हणेन, म्हणजे आपल्या बेडला चिकटवून पट्ट्यानं बांधायचा बाळाचा छोटा पलंग. झोळीत कापड खोलगट होतं, बाळाची हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते आणि नवजात बाळाला मान स्वतः सरळ करता येत नाही. क्रिबमध्ये गादी सपाट, कडक, बाळ उताणं, आणि सिझर झालेल्या आईला रात्री पाजायला सारखं उठून वाकावं लागत नाही, हात लांबवला की बाळ!

घ्यायला जाताना बेडची उंची मोजून न्या, दोन्ही गाद्या लेव्हलला पाहिजेत आणि पट्टा ओढून बांधल्यावर मध्ये फट अजिबात नको. आत उशी, लोड, दुपटी काही नको. महाग पडतो, आणि बाळ हातागुडघ्यावर उठायला लागलं, साधारण 5-6 महिन्यांत, की बंदच करायचा, म्हणून जावेचा नाहीतर बहिणीचा चांगला मिळाला तर तोच घ्या, फक्त स्क्रू, पट्टे नीट तपासून.