डाउट, क्वेश्चन की सस्पेक्ट? कुठे काय वापरायचं

मराठीत शंका हा एकच शब्द सगळीकडे चालतो, गणित अडलं तरी शंका आणि कोणाच्या वागण्यात काळंबेरं वाटलं तरी शंकाच. इंग्लिशमधे ही कामं वेगवेगळ्या शब्दांत वाटलेली आहेत आणि आपण सगळीकडे डाउट ठोकून देतो, तिथे घोळ होतो.

वर्गात ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हटलं तर भारतात कोणालाच खटकत नाही, इथे तो रुळलाय, आणि त्याला चूक म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचं मला तरी पटत नाही (स्पॅनिशमधला दुदा शब्द पण असाच शंका आणि विचारायचा प्रश्न दोन्हीला चालतो). पण समोर ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस असेल आणि त्याने आत्ताच प्रेझेंटेशन संपवलं असेल तर डाउट ऐकून त्याला वाटू शकतं की ह्यांचा माझ्या बोलण्यावर विश्वास नाहीये. तिथे सरळ क्वेश्चन म्हणा.

खरी गोची सस्पेक्टची. ‘आय डाउट ही विल कम’ म्हणजे तो बहुतेक येणार नाही, ‘आय सस्पेक्ट ही विल कम’ म्हणजे बहुतेक येणार. एकदम उलट! आपण बोलताना ‘मला डाउट आहे, पैसे त्यानेच घेतले’ म्हणतो, तेच उचलून ‘आय डाउट ही टुक द मनी’ असं मेलमधे लिहिलं की ज्याच्यावर संशय होता त्यालाच क्लीन चिट देऊन मोकळे. स्कॉटलंडमधे मात्र ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे पाऊस येणार असंच वाटतंय, आपल्यासारखंच, पण परीक्षेत स्कॉटलंडचा दाखला देऊन मार्क मिळणार नाहीत. मनात ‘संशय आहे की असं झालंय’ असेल तर सस्पेक्ट, ‘असं झालं असेल वाटत नाही’ असेल तर डाउट.

‘नो डाउट’ दिसतं तेवढं ठाम नाही, बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘असेलही बुवा’ एवढाच असतो. छातीठोक सांगायचं तर ‘विदाउट अ डाउट’.

आणि स्पेलिंगमधल्या बी चं काय? फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो बी नव्हताच, लॅटिन दुबितारेशी नातं दाखवायला पंडितांनी नंतर घुसवला. उच्चारात तो कधी आलाच नाही, पाठ मात्र करावा लागतो.